अर्धे भरलेले कार्ड

१. तयार उत्तराची तपासणी

सरकार लस विनामूल्य देते, टोचणारी नर्स गावात येते, आणि आपले मूल प्रत्येक आईबापाला प्राणांहून प्रिय असते. असे असता लाखो बालके लसीवाचून राहतात तरी कशी, हा प्रश्न या विषयावर बोलू लागताच कोणीतरी विचारतोच. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा उत्तरही तयार असते: हे लोक अशिक्षित, त्यांना लसीचे महत्त्व कळत नाही, आणि कळले तरी अंधश्रद्धा आड येते. हे उत्तर एकदा स्वीकारले म्हणजे सगळा दोष त्या आईच्या पदरात पडतो, आणि याद्या करणाऱ्या, वार ठरविणाऱ्या व पैसे मंजूर करणाऱ्या आपल्यासारख्यांना पुढे काही विचारण्याचे कारण उरत नाही. आईचे शिक्षण वाढले की मुलांचे लसीकरणही वाढते, हे पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे; तेव्हा या उत्तरात सत्याचा अंश आहेच. पण तो अंशच आहे, आणि उरलेले सत्य कोठे दडले आहे ते शोधण्यासाठी हे प्रकरण लिहिले आहे.

प्रथम प्रश्नाचा आवाका पाहू. २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ४५ लाख बालके अशी होती की, त्यांना घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लसीचा पहिला डोससुद्धा मिळाला नव्हता. आरोग्यखाते यांना 'शून्य डोस' बालके म्हणते. यांच्याखेरीज दुसराही एक मोठा वर्ग आहे. त्यांचे लसीकरण सुरू झाले, कार्ड मिळाले, एकदोन रकाने भरले, आणि पुढे ते कार्ड तसेच राहिले. या दोन वर्गांतला भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पहिल्या वर्गातल्या मुलापर्यंत आपली व्यवस्था कधी पोचलीच नाही; दुसऱ्या वर्गातले मूल तिच्या हाती आले होते आणि निसटले. ज्या आईने मुलाला पहिली सुई आपण होऊन टोचून घेतली, तिला सुईचे महत्त्व कळत नव्हते असे कसे म्हणावे?

२. एक ओरखडा आणि पाच खेपा

लसीशी मराठी माणसाचा संबंध फार जुना आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली, आणि हिंदुस्थानात यशस्वी झालेली ती पहिली लस होय. पुढे 'देवी काढणे' हा शब्दप्रयोग घरोघरी रूढ झाला, आणि आपल्या आजीआजोबांच्या दंडावरचे ते वाटोळे व्रण आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले आहेत. १९७५ साली देवीचा रोग भारतातून गेला आणि १९८० साली तो पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

देवी घालविता आली, मग बाकीचे रोग का घालविता येऊ नयेत, असे साहजिकच वाटते. पण देवीच्या लसीचा स्वभावच निराळा होता. रोग हटविण्याच्या मोहिमेच्या अखेरच्या काळात ती वाळवून केलेली भुकटी असे आणि उन्हाळा सोसत असे. त्वचेवर एकदा ओरखडे काढले की रोगाची साथ मोडण्यापुरते काम होई. आणि दंडावर उठलेला व्रण हाच तिचा कायमचा दाखला असल्याने ना कार्ड लागे, ना दप्तर. आजची नित्य लसीकरणाची योजना याच्या नेमकी उलट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७४ साली तिचा पाया घातला, भारताने १९७८ साली ती स्वीकारली, आणि १९८५ साली तिला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमाचे रूप आले. तिच्या वेळापत्रकाप्रमाणे मूल जन्मताच क्षयरोगाची बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब ची लस. मग सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पोलिओ, अतिसारावरील रोटा आणि पाच रोगांवरील पेंटाव्हॅलंट. नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेला. सोळा ते चोवीस महिन्यांत पुन्हा गोवर-रुबेला व बूस्टर. आणि पाचव्या वर्षी आणखी एक बूस्टर. नुसत्या पहिल्या वर्षातच पाच वेळा, नेमक्या काळात, तेच मूल नर्सच्या समोर यावे लागते. देवीला एक ओरखडा पुरला. येथे पाच खेपा लागतात. या विषयाची निम्मी अडचण त्या पाच खेपांत आहे.

३. सांडणाऱ्या घागरीचा हिशेब

लांबच्या विहिरीवरून भरलेली घागर डोक्यावर घेऊन निघालेल्या बाईने वाटेत पाच ओहोळ ओलांडावे आणि प्रत्येक ओहोळाशी थोडेसेच पाणी हिंदकळून जावे, असे समजा. एका ठिकाणी सांडलेले पाणी कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण घरी पोचल्यावर घागर बरीच रिती झालेली असेल. लसीकरणाचेही तसेच आहे. एखाद्या भागात शंभर बालके जन्मली आणि प्रत्येक खेपेला आधी आलेल्यांपैकी शेकडा ९४ आली, असे धरू. ही हजेरी कोणत्याही शाळेला भूषणावह ठरेल. पहिल्या खेपेला ९४ मुले आली, दुसरीला ८८, तिसरीला ८३, चौथीला ७८, आणि पाचव्या खेपेला ७३. कोणीही लसीला विरोध केला नाही, कोणतीही अफवा उठली नाही; एका खेपेला कोणी आजारी होते, दुसऱ्या खेपेला कोणी माहेरी गेले होते, इतकेच; आणि तरी शंभरातली २७ मुले अपुरी राहिली.

हे गणित काल्पनिक असले तरी वस्तुस्थितीपासून दूर नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील एक ते दोन वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे ९५ मुलांना बीसीजी मिळाली होती, पण पहिल्या वर्षातल्या सर्व मूलभूत लसी मिळालेली मुले सुमारे ७६ भरली. म्हणजे सुरुवात जवळजवळ सर्वांची झाली होती. आधीच्या पाहणीत पूर्ण लसीकरणाचा हा आकडा ६२ होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. घागर पूर्वीपेक्षा कमी सांडते आहे.

४. वार त्यांचा, मजुरी आपली

गावातले लसीकरण बहुतेक ठिकाणी महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी अंगणवाडीत होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून सकाळी निळी पेटी येते. तिच्यात चार बर्फाच्या कुप्या चारी बाजूंना लावलेल्या असतात आणि मधोमध पिशवीत लसीच्या इवल्याशा बाटल्या. आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, घरोघर जाऊन "आज सुई आहे हं, कार्ड घेऊन या" असे सांगून आलेली असते. नर्स सतरंजीवर बसून नावे पुकारते. दृश्य साधे आहे, पण त्याच दिवशी जी बाई सोयाबीन काढायला सकाळी सातला टेम्पोत चढली, तिचे नाव पुकारले जाते तेव्हा ती दोन कोस लांब दुसऱ्याच्या शेतात असते. तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते असे म्हणणे कागदावर ठीक. वस्तुतः शेतावर अर्धा दिवस नसतोच, टोळीबरोबर गेले नाही की सारा दिवस जातो. लस फुकट असते, पण लसीचा दिवस फुकट नसतो.

त्यातून एखादी आई मजुरी सोडून आली तरी तिला हमखास लस मिळेल असे नाही. येथे बाटलीची एक गोष्ट समजून घ्यावी लागते. बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसी भुकटीच्या रूपात येतात. एका बाटलीत पाच किंवा दहा मुलांपुरती लस असते. द्रावण मिसळून बाटली एकदा उघडली की चार तासांत ती संपवावी किंवा टाकून द्यावी लागते. एकच मूल आले असले तरी बाटली उघडावी, असा सरकारी नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे; पण साठ्याचा हिशेब द्यावा लागणाऱ्या माणसाला नऊ डोस वाया घालविताना हात आखडावासा वाटतो, आणि मग "पुढच्या खेपेला या, चार मुले जमू द्या" हे वाक्य ऐकू येते. ती आई पुढच्या खेपेला आली नाही, तर आईने टाळाटाळ केली असेच दप्तरात दिसेल.

५. कोयत्याचा मोसम

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या विषयाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण ऊसतोडणीचे आहे. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या व कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या फडांवर जातात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हा कोयता पहाटेच्या अंधारात फडावर उभा राहतो, आणि एक दिवस खाडा झाला तर त्याचे पैसे उचलीच्या हिशेबात कापले जातात. राहायला पाचटाची कोपी, आणि तान्हे मूल उसाच्या सरीत, लुगड्याच्या झोळीत.

आता एक तारीखवार हिशेब मांडू. अशा कुटुंबात १५ सप्टेंबरला मूल जन्मले असे समजा. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झाले, बीसीजी, पोलिओ व काविळीची लस तेथेच दिली, आणि माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या ओळीत तारखा पडल्या. पुढची सुई सहा आठवड्यांनी, म्हणजे २७ ऑक्टोबरला. पण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच मुकादमाने गाडी भरली. दुसरी सुई २४ नोव्हेंबरला, तिसरी २२ डिसेंबरला. त्या दोन्ही तारखांना कुटुंब तीनशे किलोमीटरवर फडात आहे. गावातली आशाताई यादी घेऊन दारात येते तो दाराला कुलूप. ती इमानाने 'स्थलांतरित' असा शेरा मारते. तिकडे कारखान्याच्या परिसरातली आशाताई आपल्या यादीप्रमाणे घरे फिरते. त्या यादीत फडातल्या कोप्या नाहीत. दोघींनी आपापले काम चोख केले, आणि मूल मात्र दोन याद्यांच्या मधल्या फटीतून खाली पडले. एप्रिलमध्ये कुटुंब परतते तेव्हा ते सात महिन्यांचे झालेले असते. १५ जूननंतर गोवराची लस गावातच मिळते. त्या कार्डाकडे पाहिले तर वरची ओळ भरलेली, खालची भरलेली, आणि मधल्या तीन ओळी कोऱ्या. जणू ते मूल मधले सहा महिने जगात नव्हतेच.

या कोऱ्या ओळी नुसत्या नोंदीच्या नाहीत. डांग्या खोकल्याचा सर्वाधिक धोका पहिल्या काही महिन्यांतच असतो. म्हणून तर त्या सुया इतक्या लवकर ठेवल्या आहेत. ज्या महिन्यांत संरक्षण हवे, नेमके तेच महिने थंडीत, धुरात आणि उघड्यावर जातात. आणि मनाला फार लागते ती गोष्ट अशी की, जगातल्या कित्येक गरीब देशांतील मुलांना मिळणारी लस पुण्याजवळ हडपसरला तयार होते. १९६६ साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कारखान्यातून ती समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोचते. पण त्याच पुणे जिल्ह्यातल्या उसाच्या फडात निजलेल्या मुलापर्यंत पोचण्यासाठी तिला एका यादीतल्या नावाची गरज लागते.

यावर उपाय नाही असे मुळीच नाही. पोलिओविरुद्धच्या मोहिमेत वीटभट्ट्या, बांधकामे, फिरत्या जमातींचे तांडे यांच्या वेगळ्या याद्या झाल्या, रेल्वे स्थानकांवर आणि बसस्टँडवर मुलांना थेंब पाजण्याची तजवीज झाली, आणि जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओचा एकही रुग्ण आढळला नाही. २०१४ साली सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष्यातही सुटलेल्या वस्त्या शोधण्यावर भर आहे. म्हणजे मुलाच्या मागे जाणारी यादी करता येते. ती मोहिमेपुरती न राहता वर्षाच्या बाराही महिने चालू राहिली पाहिजे, एवढेच.

६. थंडाव्याची साखळी

लस ही दुधासारखी नाशवंत वस्तू आहे. कारखान्यापासून दंडापर्यंत बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. मुंबई, कर्नाल, चेन्नई व कोलकाता येथील मोठ्या भांडारांतून राज्याकडे, तेथून जिल्ह्याकडे, तेथून आरोग्य केंद्राकडे आणि तेथून निळ्या पेटीत. पोलिओ व गोवराची लस उष्णतेने बिघडते, तर पेंटाव्हॅलंटसारख्या लसी गोठल्या तर निकामी होतात. तेव्हा नुसता बर्फ ठासून भरून भागत नाही. बाटलीवर एक गोल असतो आणि त्यात फिकट चौकोन. उष्णता लागेल तसतसा चौकोन काळवंडतो, आणि तो गोलाइतका गडद झाला की बाटली टाकायची. ही खूण वाचायला शिकणे कोणालाही शक्य आहे. जेथे वीज बारा तास नसते, पावसाळ्यात नदी वाट अडवते, किंवा येमेनसारखे युद्धच चालू असते, तेथे ही साखळी तुटते, आणि आई पोराला घेऊन आलेली असताना पेटी येत नाही.

७. ताप आणि विश्वास

आता अनिच्छेकडे वळू, कारण ती आहेच. पेंटाव्हॅलंटच्या सुईनंतर पुष्कळ मुलांना ताप येतो, मांडी सुजते, मूल रात्रभर किरकिरते. वैद्यकदृष्ट्या ही शरीर शिकत असल्याची खूण. पण घरात सासूबाई म्हणतात, "चांगलं हसतं-खेळतं पोर नेलंस आणि तापलेलं आणलंस गं बाई." सुनेजवळ यावर उत्तर नसते, कारण ते तिला कोणी सांगितलेलेच नसते. प्रत्येक सुईबरोबर नर्सने चार गोष्टी सांगाव्यात असा दंडक आहे: कोणती लस दिली, पुढची केव्हा, काय त्रास होईल व तेव्हा काय करावे, आणि कार्ड जपून ठेवावे. चाळीस मुलांच्या रांगेत यांतली तिसरी गोष्ट सर्वांत आधी गळते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. "आज रात्री ताप येईल, घाबरू नका, ही गोळी इतकी द्या" एवढे आधी ऐकलेली आई तापाने डगमगत नाही. न ऐकलेली पुढच्या खेपेला येत नाही.

याहून खोल अविश्वास निराळ्या मुळांतून येतो. २००३ साली नायजेरियातील कानो प्रांतात पोलिओची लस वंध्यत्व आणते अशा संशयाने मोहीम बंद पडली, आणि तेथून रोग इतर देशांत परत पसरला. पाकिस्तानात २०११ साली ओसामा बिन लादेनच्या शोधासाठी अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने अबोटाबादमध्ये काविळीच्या लसीकरणाचा बनाव रचला. तो उघडकीस आल्यावर २०१२ पासून घरोघर थेंब पाजणाऱ्या कार्यकर्त्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यांत जीव गेलेल्यांत गरीब घरच्या स्त्रियाही होत्या. तेव्हा एखादी वस्ती लसवाल्यांना दार उघडत नसेल, तर पूर्वी त्या दारातून कोण आले होते आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय तिला अडाणी म्हणू नये.

८. उदयपूरची डाळ

विश्वास आणि सोय यांत अधिक वजन कशाला, याची एक नामी परीक्षा राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत झाली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी सेवा मंदिर या संस्थेच्या साहाय्याने गावांचे तीन गट केले. पहिल्या गटात नेहमीची सरकारी व्यवस्था चालू राहिली. दुसऱ्यात दरमहा ठरलेल्या दिवशी, न चुकता, लसीकरणाचे शिबिर भरविले. तिसऱ्यात तेच शिबिर, आणि शिवाय प्रत्येक सुईमागे आईला एक किलो डाळ व सर्व लसी पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. पूर्ण लसीकरण झालेली मुले पहिल्या गटात शेकडा ६ होती, दुसऱ्यात १८, आणि तिसऱ्यात ३९.

या तीन आकड्यांवर थोडे थांबावे. नर्स नक्की येणार, एवढ्या एका खात्रीने सहाचे अठरा झाले. आणि किलोभर डाळीने अठराचे एकोणचाळीस. लसीला मनापासून विरोध असलेली आई किलोभर डाळीसाठी आपले मूल पुढे करील काय? तिचा विरोध नव्हताच. उद्यावर ढकलता येण्याजोगे काम आणि आजची मजुरी यांच्या तराजूत डाळीने पारडे आजच्या बाजूला झुकविले. शिवाय डाळीचा खर्च धरूनही, पूर्ण लसीकरण झालेल्या प्रत्येक मुलामागे तिसऱ्या गटात खर्च कमी आला, कारण नर्सचा दिवस तोच आणि मुले मात्र अधिक. मात्र चाळिसाच्या पुढे तेथेही गाडी गेली नाही, हे विसरता कामा नये. साठ घरांत काय अडले होते ते डाळीने उलगडले नाही.

९. कोरडी पट्टी

शेवटी एक शंका उरते. शंभरातल्या ७६ मुलांना लस मिळाली, मग उरलेल्यांना त्यांचे संरक्षण मिळत नाही काय? काही रोगांत थोडेफार मिळते. गोवरात फार थोडे. गोवर झालेले एक मूल लस न घेतलेल्या समाजात बारा ते अठरा जणांना रोग देते, आणि म्हणून त्याची साथ रोखण्यास शंभरातल्या ९५ मुलांना लस मिळावी लागते. त्यातही वगळलेली मुले सर्वत्र सारखी विखुरलेली नसतात. हिरव्या रानात वाळलेल्या गवताची एक सलग पट्टी असावी आणि ठिणगी नेमकी तेथेच पडावी, तसे ते आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबईत देवनारच्या कचराभूमीलगत गोवंडीत गोवराची साथ उठली, मालेगाव व भिवंडीतही ती पसरली, आणि मुले दगावली. गोवंडीपासून मोठी रुग्णालये काही तीनशे किलोमीटर दूर नव्हती. पण दाट वस्ती, दर काही महिन्यांनी बदलणारी भाड्याची खोली, दिवसभर कामावर असलेले आईबाप, आणि त्याआधीच्या दोन वर्षांत कोविडमुळे विस्कटलेले नित्य लसीकरण, एवढ्याने पट्टी कोरडी पडली. तेव्हा नऊ महिन्यांची वाट न पाहता सहा महिन्यांच्या बालकांनाही गोवराचा जादा डोस देण्याची पाळी आली.

वाचकांपाशी एक विनंती आहे. आपल्या घरी धुणेभांडी करायला येणाऱ्या मावशींचे नातवंड असेल, समोरच्या बांधकामावरच्या पहारेकऱ्याचे लेकरू असेल, शेतात उतरलेल्या टोळीतले तान्हे मूल असेल. त्यांचे कार्ड एकदा पाहावे, कोरी ओळ दिसली तर जवळच्या केंद्राचा वार सांगावा, आणि त्या दिवशी मजुरी न कापता सुट्टी द्यावी. वेळ निघून गेली असे त्यांना वाटत असेल तर तसे नाही, हेही सांगावे. चुकलेला डोस पुढे घेता येतो व पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. गाव दुसरे असले तरी सरकारी केंद्रात लस विनामूल्य मिळते. बीसीजी एक वर्षाचे होईपर्यंत देता येते, गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत, आणि घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील लस सात वर्षांपर्यंत.